मान खाली घालायला शिकवणारी माया

(भंडारा इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच बहुतेक ठेवलं आहे.)



मला विषय दिला आहे 'आईबापांची वागवणूक आणि तरुणांची मनोघडण'. हा विषय खरं म्हणजे एखाद्या प्राध्यापकाचा. मी दहावी शिकलेला, जुन्या भाषेत मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत कंत्राटावर माल चढवतो, उतरवतो. पाळी सुटली आणि अंगात दम उरला तर कविता लिहितो. पण ज्यांनी मला बोलावलं त्यांनी बरोबर माणूस पकडला असं मला वाटतं. मन कसं घडतं ते प्राध्यापकाला पुस्तकात सापडतं, आम्हाला पाठीवर सापडतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी इथं आईबापांना शिव्या द्यायला आलेलो नाही. ज्या बापानं स्वतः उपाशी राहून पोराला वही घेऊन दिली, त्याच्यावर मानसशास्त्राचा खटला भरणं हे हरामखोरीचं काम आहे. पण आपली चळवळ गावाशी भांडते, सरकारशी भांडते, आणि घराच्या उंबरठ्यापाशी आली की चपला काढून गप्प बसते, हेही मला कबूल नाही. गावानं आपल्याला गावकुसाबाहेर ठेवलं. तेच गाव आपल्या झोपडीच्या आत कसं शिरून बसलं, ते आज बघायचं आहे.

आधी शास्त्र काय म्हणतं ते थोडक्यात सांगतो.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात बर्कली म्हणून गाव आहे. तिथल्या विद्यापीठात डायना बॉमरिंड नावाची बाई होती. ती लहान पोरांकडं आणि त्यांच्या आईबापांकडं नीट बघत बसली, आणि १९६६ साली तिनं मांडलं की पोरं वाढवायच्या तीन तऱ्हा दिसतात. पुढं १९८३ साली मॅकोबी आणि मार्टिन या दोघांनी त्यात चौथी घातली. तुम्हाला गंमत सांगतो. ज्या १९६६ साली बाईंनी हे मांडलं, त्याच साली बर्कलीला लागून असलेल्या ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर जन्माला आली. तिचंच नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. एका गावात बाई मोजत होती की घरात पोराला किती बोलू देतात. शेजारच्या गावात काळी पोरं रस्त्यावर येऊन म्हणत होती, आता आम्हीच बोलणार.

त्या चार तऱ्हांना इंग्रजीत मोठी मोठी नावं आहेत. मी माझी नावं देतो.

पहिलं दंडुक्याचं घर. तिथं हुकूम असतो, कारण नसतं. 'का' विचारलं की थोबाडीत बसते.

दुसरं मोकाट घर. माया आहे, पण धरबंध नाही. पोर म्हणेल ती पूर्व.

तिसरं ओस घर. हुकूमही नाही, मायाही नाही. पोर आहे की मेलं, कुणी विचारत नाही.

चौथं घर म्हणजे जाब देणारं घर. तिथं शिस्त कडक असते. अभ्यास झाला का, कुठं गेला होतास, खोटं का बोललास, सगळ्याचा जाब पोराला द्यावा लागतो. पण पोरानं विचारलं तर आईबापही जाब देतात. नाही म्हटलं तर का नाही म्हटलं ते सांगतात. पोराचं ऐकून घेतात. पटलं तर स्वतःचा शब्द मागं घेतात.

या चारांवर तेव्हापासून जगभर अभ्यास झाले. सर्वसाधारण निघालं ते असं की जाब देणाऱ्या घरातली पोरं स्वतःवर भरवसा ठेवतात, जबाबदारी घेतात, चारचौघांत नीट उभी राहतात. दंडुक्याच्या घरातली ऐकतात, पण आतून धास्तावलेली असतात, स्वतःला कमी लेखतात. मोकाट घरातल्यांना स्वतःला आवरणं जड जातं. आणि सगळ्यात वाईट हाल ओस घरातल्यांचे होतात.

इथवर ठीक. आता आपला प्रश्न. ही घरं कुणाची होती?

बॉमरिंडबाईंनी सुरुवातीला बघितली ती बहुतेक गोऱ्या, मध्यमवर्गी माणसांची घरं. तिथं बाप संध्याकाळी घरी येतो. आईला पोराशी बोलायला वेळ असतो. घराला दोन खोल्या तरी असतात, रागवायला एक आणि रडायला एक. आपल्याकडं काय? लाखांदूर-पवनीकडची माणसं धानाची रोवणी आटोपली की काम शोधत नागपूर गाठतात, कुणी विटाभट्टीवर जातं, कुणी माझ्यासारखं मुंबईला. पोरं आजीपाशी. आता या घराला तुम्ही ओस घर म्हणाल? तिथं मायेचा दुष्काळ पडलेला नाही. पोटानं माया पाचशे मैल लांब नेऊन ठेवली आहे. पुस्तकातलं घर आणि आपलं घर यांच्यात हा फरक आहे, तो विसरून चार खान्यांत आईबाप कोंबू नका.

आणि खुद्द बॉमरिंडबाईंनाही हे दिसलं होतं. १९७२ साली त्यांनी थोड्याशा काळ्या कुटुंबांचा अभ्यास छापला. त्यात काही घरं बाहेरून बघितली तर सरळ दंडुक्याची वाटत होती. पण त्या घरांतल्या पोरी दबलेल्या नव्हत्या, चांगल्या खमक्या निघाल्या. म्हणजे कडकपणा एकच असतो असं नाही. तो पोराला कशासाठी तयार करतो, आणि त्याच्या मागं माया आहे हे पोराला कळतं की नाही, यावर बरंच ठरतं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता आपल्या घरात या.

भंडारा जिल्हा म्हणजे धान, तेंदूपत्ता आणि बिडी. माझी माय बिड्या वळायची. मजुरी हजारावर. सुपात पानं, तंबाखू, दोरा. दिवसभर मान मोडून वळायच्या, आणि संध्याकाळी बिड्या घेणारा माणूस त्यातल्या मूठ मूठ बाजूला काढायचा. ही कच्ची, ही वाकडी, ही चालत नाही. पैसे कापले. माय त्याला एक शब्द बोलायची नाही. बोलली असती तर दुसऱ्या दिवशी पान मिळालं नसतं. ती घरी यायची. आणि तेवढ्यात धाकट्याच्या हातून पाण्याचा गडवा सांडायचा.

तो मार गडव्याचा नव्हता. तो त्या बाजूला काढलेल्या बिड्यांचा होता. पण धाकट्याच्या पाठीला हिशोब कुठून कळणार? त्याला एवढंच कळायचं की आपण वाईट आहोत.

यावरही अभ्यास झालाय बरं का. ग्लेन एल्डर नावाच्या माणसानं १९२९ नंतरच्या मंदीत वाढलेल्या पोरांवर १९७४ साली एक पुस्तक लिहिलं. ती पोरंही त्याच ओकलंडची. त्या पुस्तकातून आणि पुढच्या त्याच्या कामातून दिसलं की मंदीनं बापाचा पैसा गेला की बाप चिडका होतो, आज मारतो, उद्या त्याच गोष्टीवर हसतो, आणि पोराला कशाचा कशाला मेळ लागत नाही. पैशाची तंगी सरळ पोरावर येतेच असं नाही. ती आधी आईबापांच्या डोक्यात शिरते, तिथून हातात उतरते, आणि मग पोरावर पडते. १९९० साली व्हॉनी मॅक्लॉइड या काळ्या बाईंनी हेच काळ्या गरीब कुटुंबांना लावून दाखवलं. म्हणजे जो मार आपण घरातला समजत होतो, त्याचं मूळ बाजारात आहे, मालकाच्या वहीत आहे.

पण मित्रांनो, आपल्याकडं नुसती गरिबी नाही. गरीब तर ब्राह्मणही असतो. आपल्याकडं गरिबीच्या वर भीती आहे. आणि आपल्या घरातला अर्धा मार रागाचा असेल, तर अर्धा मार भीतीचा आहे.

माझा बाप मला सगळ्यात जास्त कधी मारायचा? मी खोटं बोललो तेव्हा नाही. अभ्यास चुकवला तेव्हाही नाही. गावातल्या मोठ्या घरच्या पोरानं मला ढकललं आणि मी त्याला उलट ढकललं, तेव्हा. बापानं फरफटत घरी आणलं. "त्यायच्या तोंडी लागू नोको म्हणून सांगतलं होतं का नाही तुले? चूप राह्य. मान खाली घालून चाल." मारता मारता बाप रडत होता. मला तेव्हा वाटलं, हा माणूस त्यांच्या बाजूचा आहे. आज कळतं की तो मला वाचवत होता. गावानं मला मारण्याआधी तो मला मारत होता, कमी मारत होता, म्हणजे गावाला जास्त मारायची गरज पडू नये.

हीच ती मान खाली घालायला शिकवणारी माया. तिला तुम्ही दुष्टावा म्हणू शकत नाही. पण ती काय काम करते ते बघा. गावाचं काम ती घरातच, फुकट, प्रेमानं उरकून टाकते. पोर सहा-सात वर्षांचं होईस्तोवर त्याला कळलेलं असतं की कुणाच्या विहिरीकडं बघायचं नाही, कुणाच्या ओट्यावर टेकायचं नाही, कुणाशी डोळ्याला डोळा द्यायचा नाही. हे शिकवायला पाटील कधी आला नाही. आईनं शिकवलं. बेबीताई कांबळेंनी 'जिणं आमुचं'मध्ये फार आधी हे लिहून ठेवलंय की वरच्यांनी आम्हाला गुलाम केलं, आणि आम्ही आमच्या सुनांना गुलाम केलं. गुलामी अशी हातातून हातात उतरत जाते.

मग या मायेत वाढलेल्या पोराचं पुढं काय होतं?

एक जात मी गोदीत बघतो. घुमी पोरं. मुकादम आईवरून शिवी देतो, ऐकून घेतात. पाळी दुप्पट लावतो, करतात. कॉइल घसरून पायाची बोटं गेली तरी भरपाई मागत नाहीत. ज्यानं घरात कधी 'का' विचारलं नाही, तो साहेबाला कुठून विचारणार? मुकादम म्हणजे दंडुक्याच्या घराचा बापच. तोही कारण सांगत नाही. कारण सांगायची सवय लागली तर उद्या पोरं मजुरीचं कारण विचारतील.

दुसरी जात बाहेर घुमी आणि घरात वाघ. दिवसभर मान खाली, रात्री दारू पिऊन बायकोची मान मुरगाळायची. ही पोरं मोर्चात पुढं असतात, घोषणा त्यांचीच मोठी असते. घरी बहिणीनं मोबाइल हातात घेतला तर हात उचलतात. जो मार खाऊन वाढला, त्यानं मारच भाषा म्हणून शिकली.

तिसरी जात सगळ्यात वाईट. तिला आपलं सगळंच घाण वाटतं. आपली भाषा, आपली वस्ती, आपला बाप. शहरात गेली की आडनाव लपवते. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या काळ्या नवराबायकोनं लहान काळ्या पोरांपुढं बाहुल्या ठेवल्या, गोऱ्या आणि काळ्या. चांगली कोणती म्हणून विचारलं. बऱ्याच पोरांनी गोरी दाखवली. १९५४ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं शाळांतला काळा-गोरा भेद बेकायदा ठरवला, तेव्हा या अभ्यासाचाही आधार घेतला. आणि त्याच १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत आपण बाबासाहेबांना निवडून आणू शकलो नाही. ज्यानं या देशाची घटना लिहिली त्याला या मातीनं लोकसभेत पाठवलं नाही. तुमच्या पुढं कोणती बाहुली ठेवली होती आणि कोणती चांगली म्हणून शिकवली होती, त्याचा विचार करा.

आता मी त्या गावाकडं येतो, ज्याचं नाव घेतल्याशिवाय भंडारा जिल्ह्यात या विषयावर कुणाला बोलताच येणार नाही.

मोहाडी तालुक्यातलं खैरलांजी. गावात आपली घरं मोजून तीन. त्यातलं एक भैयालाल आणि सुरेखा भोतमांगे यांचं. थोडी शेती होती. सुरेखाबाई करती बाई होती. शेतीच्या वाटेवरून गावाशी वाद झाला, त्यात ती मागं हटली नाही. सुधीर, रोशन, प्रियंका ही तीन पोरं. प्रियंका सतरा वर्षांची, बारावीत शिकणारी. सप्टेंबर २००६ मध्ये त्यांच्या एका नातलगाला मारहाण झाली. मायलेकींनी ती बघितली होती. आता आपली माया अशा वेळी काय म्हणते? "आपण काही पाह्यलं नाही. चूप राह्य." सुरेखाबाई तसं म्हणाली नाही. मायलेकी पोलिसांपुढं उभ्या राहिल्या आणि त्यांनी मारणाऱ्यांविरुद्ध साक्ष दिली.

हे घर कोणत्या तऱ्हेचं होतं ते त्या साक्षीवरून ठरवा. सतरा वर्षांची पोरगी आईच्या शेजारी उभी राहून गावातल्या माणसांविरुद्ध बोलते, ती दंडुक्याच्या घरात वाढलेली नसते.

२९ सप्टेंबर २००६. आरोपी जामिनावर सुटले, आणि त्याच दिवशी जमाव आला. सुरेखा, प्रियंका, सुधीर, रोशन. चौघांना हालहाल करून मारलं आणि कालव्यात फेकलं. भैयालाल तेवढे वाचले. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टानं आठ जणांना दोषी धरलं, त्यातल्या सहांना फाशी सुनावली. २०१० साली हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं फाशीची पंचवीस वर्षांची कैद केली. अॅट्रॉसिटीचा कायदा दोन्हीकडं लागू धरला नाही. भैयालाल २०१७ साली गेले.

मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. बातमी आमच्या गावात आली ती पेपरातून नाही आली, बायकांच्या कुजबुजीतून आली. आणि मला जे आठवतं ते हे की त्या दिवाळीच्या आसपास आमच्या नात्यातल्या एका मामानं आपल्या पोरीची शाळा सोडवली. सायकल विकून टाकली. वर्षाच्या आत लग्न लावलं. पोरगी नववीत होती. मामा वाईट नव्हता. तो म्हणाला, "सुरेखाबाईनं पोरीले डोक्यावर चढवलं, पाहा काय झालं."

माझ्या बहिणींनो, हे वाक्य नीट ऐका. खून चार माणसांचे झाले. पण तो मार शेकडो घरांसाठी होता. खैरलांजीत जमावानं जे केलं, ती आपल्या सगळ्या आईबापांना दिलेली शिकवणी होती की पोरी कशा वाढवाव्यात. जो बाप खैरलांजीनंतर पोरीला घरात कोंडतो, तो पोरीला वाचवतो असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात त्या जमावाचं उरलेलं काम तो करत असतो.

पोरांचंही तेच. २०१४ साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात नितीन आगे नावाच्या सतरा वर्षांच्या पोराला मारून टाकलं. वरच्या जातीच्या मुलीशी त्याचं बोलणं होतं, एवढा संशय पुरला. २०१७ साली कोर्टानं सगळे आरोपी सोडले. त्यानंतर आपल्या किती आयांनी पोरांना सांगितलं असेल, शाळेत कुण्या पोरीशी बोलू नोको बाबा? सांगणारी आई चुकीची कशी म्हणू? पण पोराच्या मनात काय रुजतं ते बघा. बोलणं हाच गुन्हा, आवडणं हाच गुन्हा, आपलं अंगच गुन्हेगार.

मानसशास्त्राच्या पुस्तकात एक शब्द फार येतो, 'समायोजन'. म्हणजे पोरानं भोवतालाशी जुळवून घेणं. जुळवून घेतलं की पोर निरोगी, नाही घेतलं की बिघडलेलं. आपली मायही हेच सांगते, जुळवून घे रे बाबा. मी विचारतो, कशाशी जुळवून घेऊ? विटाळाशी? कच्ची म्हणून बाजूला काढलेल्या बिडीशी? १९६७ साली मार्टिन ल्यूथर किंग अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या मोठ्या सभेपुढं गेले होते. त्यांनी त्या विद्वानांना तोंडावर सांगितलं की तुमचा हा शब्द ठीक आहे, पण जगात काही गोष्टी अशा आहेत ज्यांच्याशी माणसानं कधीच जुळवून घेऊ नये. वर्णभेद ही त्यातली एक. अशा वेळी न जुळणारा माणूसच शहाणा. मला वाटतं, हे वाक्य पालकत्वाच्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापायला हवं.

मग काय करायचं? पोरं मोकाट सोडायची? नाही. शिस्त टाकून देणं आपल्याला परवडणारं नाही. ज्याच्या बापाचं दुकान आहे त्याचं पोर नापास झालं तरी गल्ल्यावर बसेल. आपलं पोर नापास झालं तर गोदीत येईल.

कडक घर कसं असावं त्याचा दाखला आपल्याकडंच आहे. रामजी सुभेदार कडक माणूस होते. परळच्या चाळीत एक खोली. पोराला अभ्यासासाठी रात्री दोन वाजता उठवायचे. हट्ट होता की भीमानं शिकलंच पाहिजे. पण पोरानं पुस्तक मागितलं आणि खिशात पैसे नसले, तर हाच बाप लग्न झालेल्या लेकींकडं जायचा, त्यांचे दागिने मागून गहाण ठेवायचा आणि पुस्तक आणायचा. पेन्शन आली की सोडवायचा. धाक होता, पण तो धाक पोराच्या बाजूनं उभा होता. शाळेत पोराला गोणपाटावर बसवत होते, आणि घरात बाप त्याच पोरासाठी लेकींच्या अंगावरचं सोनं उतरवत होता. शाळा सांगत होती तू कुणी नाहीस. घर सांगत होतं तुझी किंमत सोन्याहून जास्त आहे. पोरानं कुणाचं ऐकलं ते सगळ्या देशाला माहीत आहे. मघाशी म्हटलं ना, कडकपणा कशासाठी तयार करतो त्यावर सगळं आहे.

आणि त्याच पोरानं मोठं होऊन इथून जवळच, नागपूरला, २० जुलै १९४२ रोजी हजारो बायांपुढं पालकत्वावर भाषण केलं. आपण त्याला राजकारणाचं भाषण समजतो. मला ते मनोघडणीचं भाषण वाटतं. त्यात बाबासाहेबांनी सांगितलं की पोरांना शिकवा, त्यांच्यात महत्त्वाकांक्षा भरा, तुम्ही मोठे होणार आहात हे त्यांच्या मनावर ठसवा, त्यांच्या मनातला न्यूनगंड काढून टाका. लग्नाची घाई करू नका. प्रत्येक पोराला आपल्यापेक्षा चांगली सुरुवात करून देणं हे आईबापाचं कर्तव्य आहे. आणि लग्न होणाऱ्या पोरीनं नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीनं उभं राहावं, गुलाम म्हणून नाही. बॉमरिंडबाईंच्या चोवीस वर्षं आधी. आपण दरवर्षी जयंतीला डीजे लावतो. त्याऐवजी एक वर्ष हे भाषण प्रत्येक घरात मोठ्यानं वाचून दाखवा.

आता कामाच्या गोष्टी. तुमच्यातले काही जण आईबाप झालेत, काही होतील. आणि जे झाले नाहीत त्यांच्या हाताखाली धाकटी भावंडं आहेतच. आपल्या वस्तीत निम्मी पोरं मोठा भाऊ आणि मोठी बहीणच वाढवते.

पोराला 'नाही' म्हणायचं असेल तर म्हणा. पण कारण सांगा. कारण सांगता येत नसेल तर तो हुकूम कुठून आला ते शोधा. बऱ्याचदा तो गावाचा निघेल.

भीती लपवू नका, पण नुसती भीती देऊ नका. पोराला जातीचं सांगावं लागतंच. तो आपला नाइलाज आहे, काळ्या आईबापांचाही आहे. त्यावरचे बरेच अभ्यास २००६ साली डायन ह्यूज आणि तिच्या सोबत्यांनी एकत्र तपासले. ज्या घरात आपल्या माणसांचा इतिहास आणि अभिमान सांगितला जातो तिथली पोरं बहुधा ताठ निघतात. ज्या घरात नुसतं 'कुणावर विश्वास ठेवू नको' एवढंच सांगितलं जातं तिथं पोरं खचतात. म्हणून खर्डा सांगताना महाडही सांगा. खैरलांजी सांगताना सुरेखाबाईची हिंमतही सांगा. ती नुसती मेलेली बाई नव्हती, ती उभी राहिलेली बाई होती.

पोरीला जो नियम तो पोराला. सातच्या आत घरात यायचं असेल तर दोघांनी. भाकरी शिकायची असेल तर दोघांनी. बहिणीवर हात उचलणाऱ्याला मोर्चात पुढं घेऊ नका.

मार बंद. मारानं पोर काय शिकतं ते मी सांगितलं. बिड्यांचा राग बिड्या घेणाऱ्यावर काढा. त्याला संघटना लागते, ती बांधा. घरातला मार कमी करायचा एक रस्ता युनियनमधून जातो, हे कुठल्या पालकत्वाच्या पुस्तकात सापडणार नाही.

शेवटचं बोलतो. कुणी म्हणेल, एवढं सगळं करूनही पोर वाचेलच कशावरून? बरोबर आहे. राधिका वेमुलांनी शिवणकाम करून रोहितला शिकवलं, विद्यापीठापर्यंत नेलं. विद्यापीठानं त्याला वसतिगृहाबाहेर काढलं, आणि १७ जानेवारी २०१६ ला तो गेला. त्या आईच्या वाढवण्यात काय कमी होतं? काही नाही. पोराचं मन घर घडवतं, पण ते मोडायला बाहेर बरेच जण बसलेत.

म्हणूनच पोर वाढवणं ही एकट्या आईबापाची गोष्ट नाही. माझा बाप भित्रा नव्हता, तो एकटा होता. मामा भित्रा नव्हता, त्याच्या मागं कुणी नव्हतं. खैरलांजीत आपली तीनच घरं होती. ज्या दिवशी प्रियंका साक्ष द्यायला गेली, त्या दिवशी तिच्या मागं मोहाडीपासून भंडाऱ्यापर्यंतची माणसं उभी असायला हवी होती. ती नोव्हेंबरात रस्त्यावर आली. चौघं गेल्यावर आली. धीट पोर वाढवायचं तर धीट वस्ती लागते. ती नसेल तर आपण आईला कोणत्या तोंडानं सांगणार, की बाई, पोराला मान वर करायला शिकव?

तेव्हा आधी तिला जाऊन सांगा, की तुझ्या पोराची मान वर झाली तर तिच्याभोवती आम्ही आहोत. आणि उद्या खरंच झाली, तर तिथं उभे राहा.

जय भीम.